शेजाऱ्याला बिगफूट दिसला म्हणे! आता तपास कसा करायचा?

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड पर्वताच्या पायथ्याशी घर असेल तर आज ना उद्या कुणीतरी सांगतंच: रस्त्याकडेला दोन पायांवर उभं, केसाळ, माणसाहून उंच काहीतरी पाहिलं. दंतकथेतल्या या प्राण्याला तिथे बिगफूट म्हणतात. याच राज्यातल्या स्कामेनिया काउंटीने १९६९ साली बिगफूटला मारायला कायद्याने बंदी घातली. त्यामुळे सिएटल-रेडमंडकडच्या मराठी मंडळींच्या कानावर असा किस्सा आला तर तो हसण्यावारी नेऊ नये, पण लगेच टॉर्च घेऊन जंगलातही पळू नये. आधी माणूस, मग जागा, मग माग.

सांगणाऱ्याशी बोलणं

शक्यतो दुसऱ्याच दिवशी गाठा. दोघांनी पाहिलं असेल तर वेगवेगळं बसवा. ते एकमेकांशी बोलले की दोन आठवणींची एकच खिचडी होते. "केस किती लांब होते?" असं विचारलंत तर केस तुम्हीच चिकटवले. "पहिल्यापासून सांगा" एवढं म्हणा आणि गप्प बसा. बिगफूट हा शब्द आपल्या तोंडून येऊ देऊ नका. मग कागद-पेन्सिल द्या, चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. शेवटी बारीकसारीक विचारा: किती वाजता, किती सेकंद, चष्मा होता का, गाडीच्या काचेतून पाहिलं का, जाताना चार पायांवर गेलं का. सूर्यास्ताची वेळ नंतर स्वतः पडताळा.

जागेवर

त्याच वेळी, तशाच उजेडात जा. जमीन खाजगी असेल तर मालकाची परवानगी आधी. शिकारीचा मोसम असेल तर भडक नारिंगी जाकीट घाला, आणि अस्वलाला पळवून लावणारा स्प्रे बॅगेत नको, कमरेला हवा.

साक्षीदाराला होता तिथे उभा करा. दुसऱ्याच्या हातात दोन मीटरची काठी द्या, दर २० सेंटीमीटरवर रंगीत टेप लावलेली. त्याला पुढे-मागे सरकवत राहा, साक्षीदार "हं, इथेच" म्हणेपर्यंत. मग अंतर टेपने मोजा. "आठ फूट उंच" हा अंदाज बहुतेक वेळा एखाद्या फांदीवरून केलेला असतो. ती फांदी मोजा. जमीन चढाची असेल तर तेही लिहा, कारण वरच्या बाजूला उभं राहिलेलं अस्वलही राक्षसी वाटतं. फोटो काढलेला असेल तर तोच फोन, तोच झूम घेऊन काठीसकट पुन्हा काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा.

ठसा

इथेच सगळ्यात जास्त फसगत होते. काळ्या अस्वलाचा मागचा पाय साधारण १७-१८ सेंटीमीटर, पण चालताना तो पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडतो. मग एकच लांबलचक, पाच बोटांचा ठसा दिसतो. बोटं नीट पाहा: माणसाचा अंगठा आतल्या बाजूला असतो, अस्वलाचं सगळ्यात मोठं बोट बाहेरच्या बाजूला. बोटांपुढे नखांच्या टिचक्या शोधा. मध्येच आडवी घडी पडली असेल तर ते दोन ठसे आहेत.

एकटा ठसा फारसा काही सांगत नाही, ओळ हवी. कॅलिफोर्नियातल्या ब्लफ क्रीकजवळ १९५८ साली सापडलेल्या ठशांमुळे बिगफूट हे नाव गाजलं. तिथल्या रस्त्याच्या कामाचा कंत्राटदार रे वॉलेस २००२ साली वारल्यावर त्याच्या घरच्यांनी लाकडी पाय बाहेर काढले आणि ते ठसे त्यानेच यांनी उठवले होते असं सांगितलं. लाकडाची बोटं हलत नाहीत, म्हणून चढावर आणि उतारावर ठसा तसाच्या तसा येतो. जिवंत पायाची बोटं घसरतात, फाकतात, माती मागे ढकलतात.

पाऊस येण्याआधी ठशावर बादली पालथी घाला. फोटो बरोबर वरून काढा, मोजपट्टी ठशाच्या तळाच्या पातळीत ठेवून; मग टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पुन्हा काढा, खोली उठून दिसते.

आता साचा. ४० सेंटीमीटरच्या ठशाला अडीच ते तीन किलो प्लास्टर ऑफ पॅरिस लागतं, किलोमागे साधारण ६५० मिलिलीटर पाणी. भोवती पाच सेंटीमीटर उंच पुठ्ठ्याची पट्टी उभी करा. पाण्यात प्लास्टर भुरभुरवा, उलटं नको, गुठळ्या होतात. हळू ढवळा, नाहीतर बुडबुडे नेमके बोटांच्या जागी येतात. मिश्रण लस्सीइतकं दाट हवं: पातळ झालं तर साचा खडूसारखा ठिसूळ, घट्ट झालं तर बोटांच्या खाचांत उतरत नाही. थेट ठशात ओतू नका, चमच्यावर धार पाडून कडेने सोडा. अर्धं भरल्यावर दोन-तीन काड्या आडव्या ठेवा. थंड, दमट हवेत पाऊण तास तरी थांबा, मग खालून खुरप्याने मातीसकट उचला. माती लगेच धुऊ नका. दोन-तीन दिवस वर्तमानपत्रात वाळू द्या. बर्फातला ठसा असेल तर आधी कोरडं प्लास्टर चाळून पातळ थर द्या आणि बर्फासारखं गार पाणी वापरा, कारण प्लास्टर घट्ट होताना तापतं आणि ठसा वितळवतं.

केस आणि कॅमेरा

केस सापडले तर हातमोजे घालून चिमट्याने उचला आणि कागदी पाकिटात ठेवा. प्लास्टिकमध्ये बुरशी धरते. फार आशा ठेवू नका. एफबीआयने १९७०च्या दशकात तपासलेले "बिगफूटचे" १५ केस हरणाचे निघाले.

हालचाल टिपून आपोआप फोटो काढणारा कॅमेरा झाडाला गुडघा ते कमरेच्या उंचीवर बांधा, तोंड उत्तरेला. वाटेला काटकोनात लावलात तर प्राणी निघून गेल्यावर फोटो येतो. वाटेकडे तिरका लावा. समोरचं गवत कापा, नाहीतर कार्ड हलत्या गवताच्या फोटोंनीच भरेल.

नोंद

वहीत तीन रकाने पाडा: त्याने सांगितलं, आपण मोजलं, आपल्याला वाटतं. तिसरा रकाना साक्षीदाराला दाखवण्याआधी पहिले दोन त्याच्यासोबत बसून वाचा. अस्वल निघालं तर "तुला भास झाला" म्हणू नका, दिसलं ते खरंच होतं. पेनसिल्व्हेनियात २००७ साली शिकाऱ्याच्या कॅमेऱ्यात असाच एक हडकुळा, लांब हातापायांचा प्राणी आला होता. तिथल्या वन्यजीव खात्याच्या मते ते खरजेने केस झडलेलं अस्वल होतं.