एनव्हीएमई एसएसडी बसवताना या चुका टाळा

गेल्या मे महिन्यात सांगलीतल्या विश्रामबागचे एक फोटोग्राफर सीपीयू घेऊन आमच्या दुकानात आले. "लग्नाचं फुटेज कॉपीला लावलं की आधी पळतंय, पाच मिनिटांत बैलगाडी होतीय. एसएसडी डुप्लिकेट गळ्यात मारली हो मला." एसएसडी (हार्डडिस्कसारखीच, पण चिपवर डेटा ठेवणारी ड्राइव्ह; एनव्हीएमई हा तिचा वेगवान प्रकार) अस्सल होती. मदरबोर्डवरचा हीटसिंक (उष्णता ओढून घेणारी धातूची पट्टी) काढला, तर त्याखालच्या मऊ थर्मल पॅडवरची पारदर्शक फिल्म तशीच! ज्यानं बसवली त्यानं ती सोललीच नव्हती. मग पॅड चिपला नीट चिकटत नाही आणि उष्णता आतच कोंडते. तापमान फार वाढलं की ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करते. सांगलीत उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, त्यात सीपीयू टेबलाच्या बंद कप्प्यात. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर टाकून तापमान बघत जा. कामाच्या वेळी ७० अंशांच्या आत असेल तर काळजी नको.

त्यांचं दुसरं दुखणं म्हणजे १ टीबीच्या ड्राइव्हवर जेमतेम ४० जीबी मोकळी. बहुतेक एसएसडी रिकाम्या जागेचा काही भाग वेगवान कॅशे म्हणून वापरतात. लिहिणं आधी तिथं होतं, मग सवडीनं आत सरकवलं जातं. ड्राइव्ह भरत आली की ही कॅशे आकसते आणि मोठी फाइल थेट संथ भागात उतरते. स्वस्त क्यूएलसी ड्राइव्हमध्ये (एकेका पेशीत चार बिट कोंबणाऱ्या) हा फरक फारच जाणवतो. म्हणून पंधरा-वीस टक्के जागा कायम मोकळी ठेवा.

आता खरेदीतली चूक. एम.२ हा फक्त पट्टीसारख्या ड्राइव्हचा आणि तिच्या स्लॉटचा आकार आहे, वेग नव्हे. त्याच आकारात जुन्या जोडणीची साटा ड्राइव्ह मिळते (सेकंदाला साधारण ५५० एमबी) आणि एनव्हीएमईही (जेन ३ म्हणजे तिसऱ्या पिढीच्या जोडणीवर ३,५०० पर्यंत, जेन ४ वर ७,००० च्या आसपास). काही स्लॉट दोन्ही घेतात, काही एकच. चुकीची ड्राइव्ह स्लॉटात व्यवस्थित बसते, स्क्रूही लागतो, पण बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या सेटिंगमध्ये) दिसत नाही. आणि बी४५० सारख्या जेन ३ पुरत्याच मदरबोर्डवर जेन ४ ड्राइव्ह लावली तरी ती जेन ३ च्याच वेगानं चालते. जास्तीचे पैसे रॅमवर घाला. बोर्डचं मॅन्युअल कंपनीच्या साइटवर असतं. दहा मिनिटं वाचा, मग पैसे मोजा.

त्याच मॅन्युअलमध्ये आणखी एक ओळ शोधा. बऱ्याच बोर्डांवर एम.२ स्लॉट भरला की एखादं साटा पोर्ट बंद होतं. "नवी एसएसडी लावली आणि जुनी हार्डडिस्क मेली" म्हणत घाबरून येणारे बरेच असतात. केबल शेजारच्या पोर्टला लावली की डिस्क परत दिसते.

नवी ड्राइव्ह 'धिस पीसी'मध्ये दिसली नाही, तर विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा, जीपीटी (डिस्कच्या विभागणीची नवी पद्धत) निवडून इनिशियलाइझ करा आणि व्हॉल्यूम बनवा. पण जुन्या, डेटा असलेल्या डिस्कसाठी हीच इनिशियलाइझची खिडकी आली तर काही दाबू नका, आधी डेटा काढून घेण्याचं बघा. विंडोज क्लोन केलं असेल (जुन्या डिस्कवरून नवीवर जसंच्या तसं उतरवलं असेल), तर पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढून ठेवा.

डीफ्रॅगची (फाइलचे विखुरलेले तुकडे एकत्र आणणारी) बाहेरची सॉफ्टवेअर एसएसडीवर चालवू नका, त्यानं नुसती झीज होते. विंडोजचं ऑप्टिमाइझ मात्र चालू ठेवा, ते ट्रिम करतं, म्हणजे डिलीट झालेली जागा मोकळी झाल्याचं ड्राइव्हला कळवतं. या ट्रिममुळेच एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल सहसा परत मिळत नाही. हार्डडिस्कसारखी रिकव्हरीची आशा धरू नका.

म्हणून त्या फोटोग्राफरना एवढंच बसवून दिलं: एडिटिंग एसएसडीवर, मूळ फुटेजच्या प्रती दोन वेगळ्या हार्डडिस्कवर आणि सीपीयूला यूपीएस, कारण लिहिणं चालू असताना लाईट गेली तर फाइल अर्धवट राहते. कार्डवरचं फुटेज दोन्हीकडे उतरल्याशिवाय ते आता कार्ड फॉरमॅट करत नाहीत.