नेट अडकलं की आधी मेमरी बघा, लिनक्स कर्नलच्या बाबतीत या चुका टाळा

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतलं टॉवेलचं युनिट घ्या, स्टेशनजवळचा लॉज घ्या नाहीतर एखादी पॅथॉलॉजी लॅब घ्या, कोपऱ्यात एक जुना पीसी असतोच, ४ जीबी रॅम, दोन लॅन कार्ड, त्यावर लिनक्स टाकलेलं आणि तोच राउटर, तोच फायरवॉल, तोच फाइल सर्व्हर. कित्येक वर्षं बिचारा चालतो आणि मग एक दिवस नेट अडकतं. सपोर्टला गेलेली पोरं केबल बदलतात, स्विच बदलतात, ब्रॉडबँडवाल्याला फोन लावतात, शेवटी रिस्टार्ट मारतात आणि चालू झालं की विषय संपला. काही दिवसांनी परत तेच.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, मेमरी आणि हार्डवेअर सांभाळणारा. त्यात नेटवर्क आणि मेमरी असे दोन वेगळे विषय नाहीत हे डोक्यात पक्कं बसवा. पॅकेट म्हणजे डेटाचा तुकडा आला की तो ठेवायला जागा लागते, तीही त्याच क्षणी, आणि जागा नाही मिळाली तर कर्नल वाट बघत बसत नाही, सरळ पॅकेट टाकून देतो. वरून आपल्याला फक्त ‘नेट स्लो आहे’ एवढंच दिसतं. म्हणून पहिला प्रश्न हाच, की हे पॅकेट वायरवर मेलं, प्रोटोकॉलमध्ये मेलं, का जागेअभावी मेलं? हे ठरल्याशिवाय कुठल्याच सेटिंगला हात लावू नका.

रिस्टार्टची घाई

रिस्टार्ट मारला की पुरावा गेला. मालक डोक्यावर उभा असतो, कबूल आहे, पण दोन मिनिटं मागून घ्या आणि डीमेसेजचं (कर्नलच्या मेसेजची यादी) आउटपुट, प्रोक फोल्डरमधल्या (इथे कर्नल आपले चालू आकडे दाखवतो) मेमइन्फो, बडीइन्फो, स्लॅबइन्फो आणि नेटच्या खालची सॉकस्टॅट या फाइली आणि एनस्टॅट या कमांडचे नेटवर्कचे आकडे एका फोल्डरमध्ये कॉपी करून ठेवा. नंतर मशीन चांगलं चालू असताना तेच आकडे परत घ्या आणि शेजारी ठेवून बघा. नुसता एक आकडा बघून काही कळत नाही, फरक बघितला की कळतं.

‘फ्री’ कॉलम बघून घाबरणं

फ्री कमांड मारली, फ्रीमध्ये १५० एमबी दिसलं आणि लगेच मेमरी संपली म्हणून बोंब. अहो लिनक्स रिकामी रॅम फाइल कॅशला वापरतो, लागली की परत देतो. बघायचा कॉलम अव्हेलेबल, हा आकडा कर्नल स्वतः देतो, ३.१४ पासून म्हणजे २०१४ पासून. काहीजण दर तासाला कॅश रिकामी करायची क्रॉन जॉब (ठरलेल्या वेळी आपोआप चालणारी कमांड) लावून ठेवतात, ती आधी काढा, त्याने मेमरी वाचत नाही उलट प्रत्येक वेळी सगळं परत डिस्कवरून वाचावं लागतं आणि खरा प्रॉब्लेम झाकला जातो.

‘पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर’ अर्धवट वाचणं

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो म्हणून नीट सांगतो. डीमेसेजमध्ये ‘पेज अ‍ॅलोकेशन फेल्युअर’ दिसलं की लोक रॅम वाढवा म्हणतात, पण त्याच ओळीत पुढे ‘ऑर्डर’ आणि ‘मोड’ लिहिलेलं असतं ते कोणी वाचतच नाही. कर्नल मेमरी ४ केबीच्या पेजमध्ये देतो आणि सलग पेजेस दर पायरीला दुप्पट अशा गटांत देतो, ऑर्डर ० म्हणजे १ पेज, ऑर्डर १ म्हणजे २, ऑर्डर २ म्हणजे सलग ४ पेज, असं करत ऑर्डर १० म्हणजे ४ एमबी. आता ऑर्डर २ किंवा ३ ला फेल झालं आणि अव्हेलेबल भरपूर दिसतंय, तर मेमरी संपलेली नाही, ती तुकड्या तुकड्यात पडलीय. हुतात्मा एक्सप्रेसमध्ये चाळीस सीट रिकाम्या आहेत पण चौघांना शेजारी शेजारी बसायला एकही जागा नाही, तसं. बडीइन्फो फाइल उघडा, डावीकडचे आकडे मोठे आणि उजवीकडे शून्य शून्य दिसलं की समजून जा.

मोडमध्ये ‘जीएफपी अ‍ॅटॉमिक’ (म्हणजे थांबता न येणारी मागणी) असेल तर ते अजून महत्त्वाचं. पॅकेट घेण्याचं काम सॉफ्ट इंटरप्टमध्ये (कर्नलने मध्येच न थांबता उरकायचं काम) चालतं, तिथे झोपायची परवानगी नाही, म्हणजे कॅश खाली करू, थोडं थांबू, मग मेमरी घेऊ असलं काही जमत नाही. आत्ता आहे का, नसेल तर पॅकेट गेलं. यासाठी कर्नल थोडी मेमरी राखीव ठेवतो, तिचं सेटिंग ‘मिन फ्री केबाइट्स’. लोड वाढला की ऑर्डर ० चेच अ‍ॅटॉमिक फेल्युअर येत असतील तर हे हळूहळू वाढवा, दुप्पट करून दोन दिवस बघा, पण एकदम अर्धी रॅम राखीव टाकू नका, जास्त झालं तर ओओएम किलर, म्हणजे मेमरी संपली की जागा करणारा कर्नलचा भाग, ताबडतोब प्रोसेस मारायला लागतो.

आणि जम्बो फ्रेम, म्हणजे नेहमीपेक्षा मोठी पॅकेट. कोणीतरी कुठेतरी वाचून एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) ९००० करून ठेवतो. ९००० बाइट २ पेजमध्ये म्हणजे ८१९२ मध्ये मावत नाहीत, मग काही ड्रायव्हर प्रत्येक पॅकेटला सलग ४ पेज मागतात. मशीन नवीन चालू झालेलं असताना मिळतात, महिनाभराने मिळत नाहीत. म्हणून ‘रिस्टार्ट केलं की चांगलं चालतं’. लहान ऑफिसमध्ये एमटीयू १५०० ठेवा, काही अडत नाही.

कनेक्शनचं टेबल भरलेलं असताना लाइनला दोष देणं

संक्रांतीला गड्डा यात्रा भरते, लॉज फुल्ल असतात, प्रत्येक खोलीत चार मोबाइल आणि सगळे वायफायवर. अशा वेळी गंमत बघा, ज्याचा व्हिडिओ आधीपासून चालू आहे त्याचा चालतोय आणि नवीन आलेल्याचं पानसुद्धा उघडत नाही. ही खूण लक्षात ठेवा, जुनी कनेक्शन जिवंत आणि नवीन होत नाहीत म्हणजे कॉनट्रॅक टेबल, कर्नल चालू कनेक्शनची नोंद ठेवतो ते, बघायचं. डीमेसेजमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ स्पष्ट लिहिलेलं सापडतं, त्या मशीनवरूनच पिंग मारला तर ‘ऑपरेशन नॉट परमिटेड’ येतं आणि लोक फायरवॉलचे रूल उचकत बसतात.

कारण असं की जोडलेल्या टीसीपी कनेक्शनची नोंद डिफॉल्टने ४,३२,००० सेकंद म्हणजे ५ दिवस ठेवली जाते. पाहुणा मोबाइल घेऊन गाणगापूरला पोचला तरी त्याची नोंद इथे बसलेलीच. नुसतं मॅक्स (नोंदींची कमाल संख्या) वाढवून उपयोग नाही, प्रत्येक नोंद कर्नलची मेमरी खाते, साधारण ३०० बाइटच्या आसपास, आणि ही मेमरी स्वॅपमध्येही (डिस्कवरची जादा जागा) जात नाही. आधी टाइमआउट काही तासांवर आणा, मग गरज असेल तेवढंच मॅक्स वाढवा. एकाच सबनेटवर शेकड्याने डिव्हाइस असतील तर डीमेसेजमध्ये ‘नेबर टेबल ओव्हरफ्लो’ पण शोधा, या टेबलात शेजारच्या डिव्हाइसचे पत्ते असतात, त्याची वरची मर्यादा डिफॉल्टला १०२४ असते.

दुसऱ्याची सिसकंट्रोल फाइल जशीच्या तशी चिकटवणं

सिसकंट्रोल फाइलमध्ये कर्नलची सेटिंग असतात, ती अशी चिकटवलेली बघून खरंच वाईट वाटतं. टीसीपी आरमेम (एका कनेक्शनचा येणाऱ्या डेटाचा बफर) आणि डब्ल्यूमेम (जाणाऱ्या डेटाचा) बाइटमध्ये असतात आणि टीसीपी मेम (सगळ्या टीसीपीची मिळून मर्यादा) पेजमध्ये असतं. लोक तिन्हीकडे १,६७,७७,२१६ टाकतात. आरमेमला ते १६ एमबी झालं, ठीक आहे, पण टीसीपी मेमला तोच आकडा ६४ जीबी होतो, ४ जीबीच्या मशीनवर! म्हणजे मर्यादाच काढून टाकली, आता सॉकेट (प्रोग्रामकडचं कनेक्शनचं टोक) सगळी रॅम खाऊ शकतात आणि मरतो कोण तर डेटाबेस. ‘टीडब्ल्यू रीसायकल’ (बंद झालेल्या कनेक्शनच्या नोंदी लवकर मोकळ्या करणं) चालू करा असा सल्लाही अजून फिरतो, नॅटच्या (अनेक मशीनचा एकच बाहेरचा पत्ता) मागच्या ग्राहकांची कनेक्शन त्याने तुटायची, म्हणून २०१७ मध्ये कर्नल ४.१२ मधून तो पर्यायच काढून टाकला.

‘कन्सिडर ट्यूनिंग टीसीपी मेम’ असा मेसेज आला तरी लगेच आकडा वाढवू नका, एसएस कमांडने सॉकेटची यादी काढा. क्लोज वेटमध्ये (समोरच्याने बंद केलं, आपण अजून नाही) ढीग पडलाय तर तुमचं बिलिंगचं सॉफ्टवेअर कनेक्शन बंद करायला विसरतंय. रिसीव्ह क्यूमध्ये लाखांनी बाइट साचलेत तर अ‍ॅप्लिकेशन वाचतच नाहीये. दोन्हीत कर्नलची काही चूक नाही.

आणि उलटंही होतं, सगळं मेमरीवर ढकलू नका. पिंग चालतो, लॉगिन होतं, पण मोठी फाइल किंवा काही ठराविक साइट अडकून बसतात आणि मेमरीचे सगळे आकडे स्वच्छ आहेत, तर तो एमटीयूचा विषय. पीपीपीओई लाइनवर (लॉगिन टाकून चालणारं ब्रॉडबँड) एमटीयू १४९२ असतो आणि कोणीतरी सेफ्टी म्हणून सगळं आयसीएमपी (नेटवर्कचे एररचे निरोप नेणारा प्रोटोकॉल) बंद केलेलं असतं, मग ‘पॅकेट मोठं आहे’ हा निरोप पाठवणाऱ्यापर्यंत पोचतच नाही. तुकडे न करता १४६४ बाइटचा पिंग मारा, जातो, १४७२ चा जात नाही, झालं निदान. एमएसएस क्लॅम्प (टीसीपीचे तुकडे लाइनला मावतील एवढेच ठेवणारा नियम) लावा आणि तेवढं आयसीएमपी सोडा.

स्वतः मॉड्यूल लिहिणाऱ्यांसाठी

इंजिनीअरिंगची पोरं हल्ली प्रोजेक्टला नेटफिल्टरचं (कर्नलमधली पॅकेट गाळायची सोय) मॉड्यूल किंवा छोटा ड्रायव्हर घेतात, फार चांगली गोष्ट आहे. स्पिनलॉक (धरलं असताना झोपता न येणारं कुलूप) धरून ‘जीएफपी कर्नल’ मोडने मेमरी मागू नका, ते झोपू शकतं, टेस्टिंगमध्ये चालेल आणि मेमरी कमी पडली त्या दिवशी मशीन लटकेल. डीबग अ‍ॅटॉमिक स्लीप चालू करून कर्नल बिल्ड करा, चूक पहिल्याच दिवशी सापडते. पॅकेट स्वतःकडे घेतलं तर सोडायची जबाबदारीपण तुमची, एररच्या वाटेवर ते हमखास राहून जातं. स्लॅबटॉप (कर्नलची मेमरी कुठे गेली ते दाखवणारी कमांड) उघडून पॅकेटची मेमरी दाखवणारी ‘एसकेबफ हेड कॅश’ची ओळ बघत राहा, ट्रॅफिक थांबवल्यावरही आकडा खाली येत नसेल तर लीक आहे, मग केमेमलीक हे लीक शोधायचं साधन लावा.

स्लब डीबगचं पॉयझनिंग (सोडलेल्या मेमरीत ओळखीचा आकडा भरणं) चालू असेल आणि ऊप्समध्ये (कर्नल चुकल्यावर छापतो तो मेसेज) रजिस्टरला ६बी६बी६बी६बी दिसलं तर सोडलेली मेमरी परत वापरली गेलीय, तो कर्नलचा पॉयझन आहे. पण ऊप्स दर वेळी वेगळ्याच जागी येतोय आणि तोही एप्रिल-मेच्या दुपारी, पत्र्याच्या शेडमध्ये, तर कोड वाचायच्या आधी रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) चालवा. आपल्याकडचा उन्हाळा आणि धाग्याची धूळ भरलेला पंखा, रॅम चुकायला एवढं पुरतं.

कासान हा कर्नलमधला मेमरीच्या चुका पकडणारा पर्यायसुद्धा वापरा, चुकीच्या अ‍ॅक्सेसची नेमकी ओळ दाखवतो, पण तो मेमरीचा आठवा भाग स्वतःच्या नोंदींना घेतो आणि मशीन चांगलंच हळू करतो, तेव्हा तो स्वतःच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवा, गिऱ्हाइकाच्या चालू सर्व्हरवर नको.