चवथ आणि केमो: आधी तारीख विचारा

लेकराची कॅन्सरची केमो चालू असताना चवथ, म्हणजे गोव्यातली गणेश चतुर्थी आली, तर डॉक्टरांना आधी हेच विचारा: त्या दिवसांत संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी किती खाली असतील? बहुतेक औषधांनंतर साधारण 7 ते 14 दिवसांनी त्या सर्वांत कमी होतात. तेव्हा मूळ घरची गर्दी नकोच, कोणी कितीही आग्रह केला तरी. घुमट या मातीच्या वाद्यावरची आरती व्हिडिओ कॉलवर ऐकवा.

माटोळी, म्हणजे गणपतीवर टांगायची रानफळा-पानांची चौकट, लेकराच्या खोलीपासून लांब बांधा. रानातल्या ओल्या पानांत, मातीत बुरशी असते. पण सण त्याच्यापासून तोडू नका. रंगीत कागदाचे आंबाडे, चिबूड, सुपारीचा घड कापून खाटेवर इवलीशी माटोळी टांगा. गाठ त्यालाच मारू द्या, वेळ लागला तरी चालेल.

नेवरी, म्हणजे करंजी, घरचीच, ताजी. कच्च्या दुधाचं पंचामृत नको. उदबत्तीचा धूरही दूरच बरा.

आणि ताप 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट झाला, तर आरती अर्धी सोडून लगेच हॉस्पिटल गाठा. पॅरासिटामॉल देऊन वाट पाहू नका. फाइल आणि कपड्यांची पिशवी आदल्या रात्रीच दाराशी भरून ठेवा.