जीपीए ३.१ आहे? आधी कागद-पेन घ्या

अमेरिकेत मेडिकल स्कूलला अर्ज करायचाय आणि कॉलेजचा जीपीए (४ पैकी ग्रेडची सरासरी) पडलेला आहे, तर मास्टर्सची फी भरण्याआधी एक हिशोब करा. समजा, १२० क्रेडिट्सना ३.१ आहे. मास्टर्सऐवजी पदवीच्याच पातळीवरची आणखी ३० क्रेडिट्स घेतली आणि सगळीकडे ‘ए’ मिळवला, तरी आकडा सरकतो ३.२८ वर. वर्षभर घासून एवढंच!

तरीही मी हाच रस्ता सुचवेन. ॲमकॅसच्या, म्हणजे एमडी कॉलेजांसाठीच्या सामायिक, अर्जात जीपीए वर्षवार दिसतो, शिवाय बायॉलॉजी, केमिस्ट्री, फिजिक्स आणि गणित यांचा वेगळा. पहिल्या वर्षी २.६ आणि शेवटच्या ३० क्रेडिट्सना ४.० असलं, की अर्ज वाचणाऱ्याला चढण दिसते. मास्टर्सच्या ग्रेड मात्र स्वतंत्र रकान्यात जातात. पदवीचा जीपीए त्यांनी तसूभर हलत नाही. कम्युनिटी कॉलेजचे विषय पदवीतच धरतात आणि खिशालाही परवडतात.

ऑरगॅनिक केमिस्ट्रीत ‘डी’ मिळाला असेल तर विषय पुन्हा करा, पण जुनी ग्रेड पुसली जाईल या भ्रमात राहू नका. दोन्ही धरल्या जातात. डीओ (ऑस्टिओपॅथिक डॉक्टरची पदवी देणाऱ्या) कॉलेजांच्या अर्जात पूर्वी फक्त शेवटची धरायचे; २०१७ पासून तेही बंद झालं.

एमकॅट, म्हणजे मेडिकलची प्रवेश परीक्षा, या ३० क्रेडिट्ससोबत उरकू नका. दिलेला प्रत्येक प्रयत्न कॉलेजांना दिसतो. आणि जूनमध्येच अर्ज पाठवायची घाई नको: अर्ज गेल्यानंतर आलेल्या ग्रेड त्या वर्षीच्या ॲमकॅस जीपीएत धरत नाहीत, म्हणजे ते ३० क्रेडिट्सचे ‘ए’ हिशोबाबाहेरच राहतील.