५०० एमएमची मिरर लेन्स कशी वापरायची

भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाताना खांद्यावर तोफेसारखी मोठी लेन्स नको असेल तर ५०० एमएम एफ/८ मिरर लेन्स घ्या, आत दोन आरसे असतात, प्रकाश दुमडून येतो म्हणून लेन्स एवढीशी. पण अ‍ॅपर्चर (प्रकाश आत येण्याचं छिद्र) एफ/८ वरच फिक्स, बदलताच येत नाही, त्यामुळे उजेड आयएसओ (सेन्सर प्रकाशाला किती संवेदनशील ते) आणि शटरनेच सांभाळायचा.

टी-माउंटवाली (आट्यांची सामायिक जोडणी, थेट कॅमेऱ्यावर बसत नाही) असेल तर अ‍ॅडॉप्टर लावा आणि मेन्यूत ‘लेन्सशिवाय शटर’ ऑन करा, नाहीतर कॅमेरा क्लिकच करत नाही आणि आपण उगाच दुकानदाराला शिव्या घालतो. कॅमेऱ्याच्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) असेल तर फोकल लेंग्थ ५०० हाताने टाका. शटर १/१००० सेकंदापेक्षा हळू शक्यतो नको.

खरी कसरत फोकसची! बहुतेक लेन्स मॅन्युअल आहेत, म्हणून लाइव्ह व्ह्यू (स्क्रीनवरचं थेट चित्र) झूम करून पक्ष्याच्या डोळ्यावर रिंग अगदी हळू फिरवा, रिंग अनंताच्याही पुढे जाते, तेव्हा शेवटपर्यंत फिरवून मोकळं होऊ नका. मागे चमकतं पाणी असलं की मेदूवड्यासारखी वर्तुळं येतात, मला नाही आवडत, मी मागे सपाट गवत किंवा आभाळ येईल असं बसतो. फोटो जरा फिका येतो, रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) काढून काँट्रास्ट वाढवा.