कमी कॅलरीच्या आहारात संध्याकाळची भूक कशी आवरावी

कॅलरी मोजून खाणाऱ्यांचा नेम बहुतेक वेळा संध्याकाळी पाच-साडेपाचला मोडतो. डबा संपून चार तास झालेले, रात्रीचं जेवण लांब आणि समोर चहाबरोबर खारी. त्या क्षणी मन घट्ट करण्यात फारसा अर्थ नाही, कारण घोळ दुपारीच झालेला असतो.

नुसत्या काकडी-टोमॅटोवर दुपार काढली की पोट भरतं, पण टिकत नाही. टिकतात ती प्रथिनं आणि तंतुमय पदार्थ. एका जेवणात १५ ते २० ग्रॅम प्रथिनं धरून चाला. स्वस्तातला उपाय म्हणजे मटकीची उसळ.

माणशी ४० ग्रॅम कोरडी मटकी आठ तास भिजवा, उपसून फडक्यात बांधा आणि मोड आणा. थंडीत मोडांना जास्त वेळ लागतो. फोडणीला तेल चमच्यानेच घ्या: एक लहान चमचा, म्हणजे सुमारे ४५ कॅलरी. किटलीची धार धरली की तिप्पट कधी पडतं कळतही नाही. मोहरी, हिंग, कढीपत्ता, मग कांदा. कांदा खाली लागायला लागला तर तेल वाढवू नका, पाण्याचा हबका मारा. मटकी घालून वर ताटली, ताटलीत पाणी, आच मंद. तेच गरम पाणी लागेल तसं उसळीत घाला. दाण्याचं कूट मात्र टाळा. दोन मोठे चमचे कूट म्हणजे शंभरेक कॅलरी.

सोबत ४० ग्रॅम पिठाची ज्वारीची भाकरी, वाटीभर दही आणि बिनकुटाची मोठी वाटी कोशिंबीर. सगळं मिळून साधारण ४५० कॅलरी आणि १८ ग्रॅम प्रथिनं. आधी कोशिंबीर संपवा. दुसऱ्या भाकरीला हात घालण्याआधी वीस मिनिटं जाऊ द्या, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते. रोज उसळ खायची सवय नसेल तर आठवडाभर अर्ध्या वाटीवरच राहा, नाहीतर पोट फुगतं.

पाच वाजता, भूक भडकायच्या आधीच, ३० ग्रॅम फुटाणे आणि पातळ ताक घ्या. फुटाणे वाटीत काढून घ्या, पुडीतून खाऊ नका.

उपवासाच्या दिवशी सांभाळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि कूट. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' उगाच म्हणत नाहीत.

एवढं करूनही रात्री भुकेने जाग येत असेल तर कपात जास्त झाली आहे. १५०–२०० कॅलरी परत वाढवा, शक्यतो डाळ किंवा अंड्याच्या रूपात. झोप अपुरी असली तरीही भूक वाढते, तेही तपासा.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका. भुकेबरोबर घाम आणि थरथर सुरू झाली तर साखर उतरलेली असू शकते. लगेच तीन लहान चमचे साखर पाण्यात ढवळून प्या आणि १५ मिनिटांनी रक्तातली साखर तपासा.