गेम खेळताना पीसी अचानक रीस्टार्ट: दोष रॅमच्या चुकीच्या स्लॉटचा निघाला

घरी जोडलेला पीसी, डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन पट्ट्या, वेग ३२००. गेम सुरू केला की कधी दहा मिनिटांत, कधी दोन तासांनी निळा स्क्रीन, नाहीतर थेट रीस्टार्ट. एरर दर वेळी वेगळा. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदींमध्ये, कर्नल-पॉवर ४१ दिसायचं. त्याचा अर्थ मशीन नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं, एवढाच. कारण त्यातून कळत नाही.

मुंबईच्या दमट हवेवर संशय घेऊन आतून साफसफाई केली, ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, विंडोज पुन्हा टाकली, लॅमिंग्टन रोडवरून नवा पॉवर सप्लायही आणला. महिनाभरात जीव मेटाकुटीला आला.

शेवटी पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. एक्सएमपी (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू असताना एरर, बंद केल्यावर शून्य. मग मशीन बंद करून प्लग काढला, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून धरलं आणि पट्ट्या काढल्या. त्या प्रोसेसरकडून पहिल्या आणि तिसऱ्या स्लॉटमध्ये होत्या. मदरबोर्डच्या पुस्तिकेत मात्र दुसरा आणि चौथा सांगितलेला. चुकीच्या जागीही पीसी सुरू होतो, ड्युअल चॅनेलही (दोन्ही पट्ट्या जोडीने चालणं) दिसतं, म्हणून शंकाच येत नाही. आधी एकेक पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये एकटी तपासली. दोन्ही निर्दोष. मग खटका ऐकू येईपर्यंत दाबून दुसऱ्या-चौथ्यात बसवल्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) एक्सएमपी चालू केलं, मेमटेस्टच्या चार फेऱ्या केल्या: शून्य एरर.

तीन आठवडे झाले, एकही क्रॅश नाही. जुनाच पॉवर सप्लाय पुन्हा लावला आहे.